'द प्रेस्टीज'मधलं वैर खरं असतं का, आणि आपला जादूचा आयटम कुणी उचलला तर काय करायचं?

आधी प्रश्न काय आहे ते सांगतो. विचारणारा मुलगा कॉलेजात आहे, हौस म्हणून पत्ते, नाणी, दोरी अशी जादू करतो, परवा त्याने 'द प्रेस्टीज' हा दोन जादूगारांच्या वैराचा पिक्चर बघितला आणि आता तीन गोष्टी विचारतोय. जुन्या काळचे जादूगार खरंच एकमेकांच्या इतके जिवावर उठायचे का. शेवटी टेस्ला या शास्त्रज्ञाचं मशीन आणलं ही प्रेक्षकांची फसवणूक झाली की नाही. आणि तिसरी गोष्ट त्याने अगदी खाली एका ओळीत लिहिलीये, की त्याच्याच कॉलेजातल्या एकाने त्याचा दोरी कापून जोडायचा आयटम गॅदरिंगमध्ये जसाच्या तसा केला आणि तेव्हापासून जादू करायची इच्छाच होत नाहीये. मला वाटतं खरा प्रश्न हा तिसराच आहे, पिक्चर बघून तो वर आला एवढंच. पण पिक्चरमधूनच त्याचं उत्तर मिळतं, म्हणून क्रमाने जातो.

स्टेजवर जादूचे प्रयोग करणं हाच माझा व्यवसाय. गणेशोत्सव, शाळा, कंपन्यांचे फॅमिली डे, आणि जमेल तेव्हा नाट्यगृहात तिकीट लावून. त्यामुळे मी जे लिहितोय ते स्टेजच्या बाजूने. ज्यांनी पिक्चर बघितला नाहीये त्यांनी इथेच थांबा, पुढे सगळा शेवट फुटणार आहे. आणि एक, चालू वापरातल्या कुठल्याही आयटमची मेथड मी इथे सांगणार नाही, ज्या गोष्टी कोर्टात किंवा पेटंटमध्ये कधीच्या उघड झाल्यात तेवढ्याच येतील.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी, पिक्चर २००६ चा, ख्रिस्तोफर नोलनचा, ख्रिस्तोफर प्रीस्टच्या १९९५ च्या कादंबरीवरून घेतलेला. १८९० च्या दशकातलं लंडन. अँजियर (ह्यू जॅकमन) आणि बॉर्डन (ख्रिश्चन बेल) एकाच जादूगाराकडे उमेदवारी करत असतात, पाण्याच्या टाकीच्या आयटममध्ये अँजियरची बायको बुडून मरते, गाठ बॉर्डनने मारलेली असते, आणि तिथून दोघांचं आयुष्य एकमेकांचे प्रयोग उधळण्यात जातं, आणि अँजियरचं तर बॉर्डनच्या एकीकडे गायब होऊन क्षणात दुसरीकडे प्रकट व्हायच्या आयटमचं गुपित शोधण्यात. तो म्हातारा जादूगार मिल्टन ज्याने केलाय ना, तो रिकी जे, तो स्वतः पत्त्यांचा फार मोठा जादूगार होता आणि पिक्चरचा सल्लागारही. त्यामुळे विंगेतली धावपळ, पेटीखालचा माणूस, सामान बनवणारा कारागीर, हे सगळं आमच्या लोकांना बघताना ओळखीचं वाटतं.

आता वैराचं. हो, वैर होतं, आणि काही किस्से पिक्चरपेक्षा भारी आहेत. पिक्चरमध्ये तो चिनी जादूगार दाखवलाय बघा, माशांचं भांडं काढणारा, आणि बॉर्डन म्हणतो की याचं ते लंगडत चालणं हीच खरी जादू आहे, हा माणूस चोवीस तास सोंग घेऊन जगतो. त्याचं नाव पिक्चरमध्ये चुंग लिंग सू. हा खराखुरा होऊन गेला, पण तो चिनी नव्हताच. विल्यम रॉबिन्सन नावाचा अमेरिकन माणूस. खरा चिनी जादूगार होता चिंग लिंग फू, पाण्याने भरलेलं भलंमोठं भांडं कापडाखालून काढायचा तो आयटम मुळात त्याचा. फू अमेरिकेत गाजत असताना त्याच्या बाजूने जाहीर झालं की हे करून दाखवणाऱ्याला हजार डॉलर, रॉबिन्सन पुढे आला पण त्याला संधी दिली गेली नाही. मग त्याने काय केलं, डोकं भादरलं, वेणी लावली, चिनी पोशाख चढवला, नाव फूच्या नावासारखंच घेतलं आणि १९०० मध्ये युरोप गाठला. स्टेजवर इंग्रजी बोलायचा नाही, पत्रकारांशी सुद्धा दुभाष्यामार्फत बोलायचा. १९०५ मध्ये दोघं एकाच वेळी लंडनमध्ये, जवळजवळच्या दोन थिएटरांत. फूने आव्हान दिलं की हा माणूस चिनी नाही आणि माझे आयटम याला जमणार नाहीत. ठरलेल्या दिवशी वर्तमानपत्राच्या ऑफिसात नकली चिनी जादूगार हजर राहिला आणि अस्सल चिनी आलाच नाही, कारण त्याचं म्हणणं आधी हा चिनी आहे हे सिद्ध करा, मग जादूचं बघू. लोकांच्या लेखी जिंकला कोण, तर हजर होता तो.

या सूचा शेवट मात्र कुठल्या शत्रूने केला नाही. २३ मार्च १९१८ ला लंडनच्या वूड ग्रीन एम्पायरमध्ये बंदुकीची गोळी झेलायचा आयटम करताना त्याला खरी गोळी लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. इतकी वर्षं जो स्टेजवर एक शब्द इंग्रजी बोलला नव्हता त्याने तेव्हा इंग्रजीत पडदा पाडायला सांगितला. चौकशीत जे बाहेर आलं ते असं, बंदुकीला दारू ठासायची सळई ठेवायला नळीच्या खाली दुसरी नळी असते, त्याने अशी रचना केली होती की खालच्या नळीतली दारू पेटावी आणि वरची, जिच्यात लोकांसमोर गोळी घातली जायची, ती पेटूच नये. वर्षानुवर्षं वापरून दोन्हींमधला अडसर झिजला, दारू झिरपली, आणि एका रात्री वरची नळी उडाली. पिक्चरमध्ये अँजियर मुद्दाम बॉर्डनच्या बंदुकीत गोळी घालतो, दोन बोटं जातात. खऱ्या आयुष्यात जादूगाराला दुसऱ्या जादूगारापेक्षा स्वतःचं जुनं झालेलं सामान जास्त धोक्याचं, हे मी अगदी मनापासून सांगतोय कारण तुम्ही या वयात असल्या गोष्टींकडे ओढले जाता. पाण्याच्या टाकीचंही तेच. सुती दोर ओला झाला की फुगतो, गाठ आवळत जाते, पिक्चरमधला तो मुद्दा खरा आहे. आपल्याच देशात जून २०१९ मध्ये चंचल लाहिरी, जादूगार मँड्रेक म्हणून ओळखले जायचे, हुडिनीसारखी सुटका करायला साखळ्यांनी बांधून घेऊन कोलकात्याला हुगळीत उतरले आणि परत आलेच नाहीत. पाणी, आग, बंदूक यातलं काहीही एकट्याने, व्हिडिओ बघून करायचं नाही म्हणजे नाही.

चोरीचा प्रकार मात्र पिक्चरइतकाच होता. आपली सहायक ऑलिव्हिया हिला अँजियर हेर म्हणून बॉर्डनकडे पाठवतो ना, तसं घडलेलं आहे. लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये मॅस्केलिनचा माणूस अधांतरी तरंगण्याचा आयटम होता, अमेरिकेतल्या हॅरी केलरला तो हवा होता. पुन्हापुन्हा प्रयोग बघूनही जमेना, मग त्याने मॅस्केलिनकडचा पॉल व्हॅलाडन नावाचा जादूगारच फोडून आपल्याकडे नेला. पुढे केलरचं नाव त्याच आयटमवर गाजलं.

आणि करवतीने बाई कापायचा आयटम तर भांडणाचं आगरच. १७ जानेवारी १९२१ ला पी. टी. सेल्बिटने लंडनच्या फिन्सबरी पार्क एम्पायरमध्ये तो पहिल्यांदा लोकांसमोर केला, थिएटरच्या बाहेर ॲम्ब्युलन्स उभी करायचा, रक्तासारखं पाणी बादल्यांनी गटारात ओतायला लावायचा, अशी जाहिरात. त्याच वर्षी अमेरिकेत होरेस गोल्डिनने आपली आवृत्ती काढली आणि आयटमला जी जी नावं सुचू शकतात ती सगळी आधीच नोंदवून टाकली, म्हणजे सेल्बिट अमेरिकेत आला तर पोस्टरवर लिहायला नाव शिल्लक नाही. पुढे १९२३ मध्ये गोल्डिनने पेटंटही घेतलं. आणि तिथेच तो अडकला, कारण पेटंट घ्यायचं म्हणजे मेथड चित्रांसकट सरकारदरबारी लिहून द्यायची, आणि ती कुणीही वाचू शकतो. १९३० च्या दशकात एका सिगारेट कंपनीने जाहिरातीत त्याचं गुपित छापलं, गोल्डिन कोर्टात गेला, १९३८ मध्ये हरला. कोर्टाचं म्हणणं, तूच ते जाहीर केलंस, आता गुपित कसलं.

आणखी एक गंमतीची गोष्ट, सगळंच वैर खरं नसायचं. हुडिनीचा मोठा स्पर्धक म्हणून हार्डीन नावाचा जादूगार गाजत होता, तो त्याचा सख्खा भाऊ. दोघांनी ठरवून स्पर्धा लावली होती, म्हणजे ज्या थिएटरला हुडिनी मिळाला नाही त्याने दुसरीकडे न जाता हार्डीनलाच बोलवावं. पैसा घरातच.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर, वैर खरं, चोरी खरी, नावं पळवणं खरं, पण बोटं तोडणं, कुणाला जिवंत पुरणं हे पिक्चरचं. पिक्चरमध्ये पिंजऱ्यासकट पक्षी गायब करायच्या आयटममध्ये पक्षी मरतो ना, तसा पक्षी मारण्याचा संशय मात्र खऱ्या आयुष्यातही इतका पसरला होता की कार्ल हर्ट्झ नावाच्या जादूगाराने १९२१ मध्ये ब्रिटिश संसदेच्या समितीसमोर पिंजरा गायब करून दाखवला आणि नंतर पक्षी जिवंत दाखवला.

आता मशीन. माझ्या ओळखीतले जादूची हौस असलेले बहुतेक जण या मशीनवर चिडतात, दीड-दोन तास खरी मेथड शोधायला लावली आणि मग म्हणे माणसाची कॉपी काढणारं यंत्र. मला हे पटत नाही आणि का ते सांगतो. जादूगार प्रेक्षकाला फसवतो पण त्याचा एक नियम असतो, जे नंतर कळणार आहे ते समोर ठेवलेलं असलं पाहिजे. हा पिक्चर ते पाळतो. अगदी पहिला शॉट आठवा, रानात पडलेल्या काळ्या टोप्यांचा ढीग. कुठलंही पात्र यायच्या आधी यंत्राचं उत्तर पडद्यावर आलेलं आहे. पिंजऱ्याचा आयटम बघून तो लहान मुलगा रडतो आणि विचारतो की याचा भाऊ कुठे गेला, त्यात बॉर्डनचं उत्तर आलं, की तो एक माणूस नसून दोन जुळे भाऊ आहेत. बॉर्डनची जखम भरत आलेली असताना पुन्हा रक्त येतं, बायको गोंधळून जाते. ती म्हणते की कुठल्या दिवशी तू मनापासून बोलतोस आणि कुठल्या दिवशी नाही हे मला कळतं. गाठ कुठली मारलीस विचारल्यावर बॉर्डन म्हणतो मला माहीत नाही, आणि दुसऱ्यांदा बघताना लक्षात येतं की तो बिचारा खरंच बोलत असेल, गाठ मारणारा दुसरा असेल. फॅलन नावाचा तो दाढीवाला मदतनीस जवळपास प्रत्येक प्रसंगात समोर आहे. आपण त्याच्याकडे बघत नाही कारण तो मदतनीस आहे.

हे मी रोज वापरतो हो. पेटीच्या आयटममध्ये मी हात फिरवतो, संगीत वाजतं, आणि खरं काम आत अंग चोरून बसलेली व्यक्ती करत असते. पाठ तिची भरते. प्रयोगानंतर लोक माझ्यासोबत फोटो काढतात. अँजियरला पहिल्या वेळी हेच सहन होत नाही, त्याच्यासारखा दिसणारा दारुडा नट वर टाळ्या घेतो आणि हा स्टेजखाली अंधारात उभा राहून त्या ऐकतो. माझ्या दृष्टीने अख्ख्या पिक्चरची गुरुकिल्ली तिथे आहे, सूड वगैरे नंतर. त्याला टाळ्या हव्यात, आणि त्या मिळवायला तो शेवटी रोज रात्री खाली टाकीत कुणीतरी बुडेल अशी व्यवस्था करतो.

आणि बघा, दोघांची मेथड एकच आहे, दोन माणसं. सामान बनवणारा कटर अँजियरला पहिल्यापासून सांगत असतो की बॉर्डन डुप्लिकेट वापरतो, दुसरं काही नाही. अँजियर मानत नाही. इतकं सोपं असेलच कसं. त्याचं न मानणं ही चूक नव्हे, प्रेक्षक असाच असतो. कुणी माणूस एका आयटमसाठी अर्धं आयुष्य दाढी लावून दुसऱ्याचा नोकर म्हणून जगेल, भावाची बोटं गेली म्हणून स्वतःची छाटून घेईल, हे समोरच्याच्या डोक्यातच येत नाही, म्हणून तो सोपं उत्तर टाकून अवघड उत्तर शोधत कोलोरॅडोपर्यंत जातो. आमच्या धंद्यात गुपितं बहुतेक लहान असतात, कळल्यावर लोकांचा हिरमोड होतो, पण त्या लहान गुपितामागे केलेली मेहनत इतकी जास्त असते की तिचा संशय येत नाही. टेस्लाचं कोलोरॅडो स्प्रिंग्जला १८९९ मध्ये खरंच काम चाललं होतं, एवढा धागा घेऊन बाकी यंत्र कल्पनेतलं आहे, पण त्या यंत्रामुळेच अँजियर जादूगार राहत नाही. त्याच्याकडे आता ट्रिकच उरत नाही, जे दिसतं ते खरंच घडतं, फक्त प्रेत लपवायचं. मला तो शेवट भयंकर वाटला आणि बरोबर वाटला. ज्याला पटणार नाही त्याच्याशी माझं भांडण नाही, पिक्चर बघताना कोड्याचं उत्तर हवं होतं की माणसांचं काय झालं ते हवं होतं यावर ते अवलंबून आहे.

आता तुमची दोरी.

आधी स्पष्ट बोलतो. दोरी कापून जोडण्याचा आयटम तुमचा नाही, माझाही नाही. १५८४ मध्ये इंग्लंडात छापलेल्या रेजिनाल्ड स्कॉटच्या पुस्तकात नाडी मधोमध कापून पुन्हा अखंड करायची कृती दिलेली आहे. ती मेथड तुम्ही जादूचं सामान विकणाऱ्या डीलरकडून घेतली असेल, व्हिडिओवर शिकला असाल, त्यानेही तिथूनच घेतली असेल तर त्याने काही चोरलं नाही. पण तुम्ही लिहिलंय जसाच्या तसा. याचा अर्थ नक्की काय ते तुम्हालाच तपासावं लागेल. तुमची वाक्यं, तुम्ही रचलेली गोष्ट, कुठे थांबायचं, कुठलं गाणं, कुणाला प्रेक्षकांतून बोलवायचं, हे त्याने उचललं असेल तर ते तुमचं होतं आणि त्याने चूक केली. आणि तुम्ही स्वतः बसून त्याला शिकवलं असेल, पण कर किंवा करू नको काहीच बोलला नसाल, तर त्याला त्यात गैर वाटलंच नसेल हीसुद्धा शक्यता आहे.

कायद्याचं विचारणारे पुढे येतीलच म्हणून सांगतो. मेथडला, कल्पनेला कॉपीराइट नसतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात नाट्यकृतीत मूक करमणुकीचा प्रकारही धरलेला आहे, पण त्याचं स्वरूप लिहून किंवा दुसऱ्या रीतीने पक्कं केलेलं असलं पाहिजे. अमेरिकेत टेलरने, पेन आणि टेलर जोडीतला जो स्टेजवर बोलत नाही तो, फुलाच्या सावलीवर सुरी चालवून खऱ्या फुलाच्या पाकळ्या पाडायचा आपला आयटम १९८३ मध्ये मूकनाट्य म्हणून नोंदवून ठेवला होता. एकाने त्याची नक्कल विकायला काढली तेव्हा २०१४ मध्ये कोर्टाने टेलरच्या बाजूने निकाल दिला. गुपितासाठी दिला नाही, सादरीकरणासाठी दिला. गॅदरिंगच्या दोरीसाठी कुणी कोर्टात जात नाही, पण यातून घ्यायचं ते घ्या, आपला आयटम पहिल्या शब्दापासून शेवटच्या टाळीपर्यंत वहीत लिहा आणि तारखेसकट रेकॉर्ड करून ठेवा.

त्या मुलाशी बोला. समोरासमोर, चारचौघांत नको, आणि ग्रुपवर तर अजिबात नको. आमच्याकडे एकाच गावात एकाच गणपतीत जादूच्या दोन पार्ट्या असल्या की आम्ही आधी फोन करतो, तुम्ही काय करताय, मी काय करतोय, कबुतरं तुमच्याकडे असतील तर मी काढत नाही. जादूगारांची भांडणं याच फोनवर मिटतात, किंवा फोन न केल्यामुळे होतात.

पण त्याने ऐकलं नाही तरी तुमचं फार काही जात नाही, आणि का ते मघाशी आलं, गुपित लहान असतं. जादूगार पी. सी. सरकार ९ एप्रिल १९५६ ला बीबीसीवर आले आणि मुलीला विद्युत करवतीने कापलं. तोपर्यंत बाई कापायचा आयटम पस्तीस वर्षं जुना झालेला, पेटंट छापलेलं, सिगारेटच्या जाहिरातीत गुपित येऊन गेलेलं. सरकारांनी मुलीला उठवायचा प्रयत्न केला, ती उठेना, त्यांनी मान हलवून तिच्या तोंडावर काळं कापड टाकलं, आणि निवेदकाने घाईत वेळ संपली म्हणून कार्यक्रम बंद केला. मुलगी मेली असं समजून लोकांनी इतके फोन केले की बीबीसीच्या लाइनी जाम झाल्या. करवत सगळ्यांकडे होती. ते काळं कापड आणि तो थांबा एकट्या सरकारांचा होता. पुण्याच्या जादूगार रघुवीरांचे प्रयोग ज्यांनी पाहिलेत त्यांना विचारा, ते कुठला आयटम होता हे विसरलेले असतात आणि रघुवीर लक्षात असतात.

म्हणून दोरी सोडू नका, बदला. जादूगाराच्या हातात पांढरी मऊ दोरी का आहे याचं प्रेक्षकाला काहीच कारण नसतं, तिथून सुरू करा. तुम्ही होस्टेलवर राहता असं लिहिलंय, मग कपडे वाळत घालायची दोरी घ्या, एका खोलीत दोघं, दोरी एकच, अर्धी तुझी अर्धी माझी असं म्हणून कापा. कापण्याला कारण मिळालं, जोडण्यालाही मिळालं, आणि तुमच्या कॉलेजातल्या पोरांना ते लगेच कळेल. फक्त नायलॉनची दोरी हातात वेगळी वागते, घसरते, टोकं उसवतात, तेव्हा सुती मिळाली तर बघा, नाहीतर नायलॉनवर नव्याने तालीम करा. कात्री उजव्या खिशात की टेबलावर, कापलेला तुकडा कुठे ठेवायचा, हे सगळं बोलता बोलता हात आपोआप करायला लागले की मगच लोकांसमोर न्या. तोपर्यंत मित्रांनाही दाखवू नका.

झाल्यावर व्हिडिओ इथे टाकायचा असेल तर मेथड दिसेल असा टाकू नका. कॅमेरा पहिल्या रांगेत बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर ठेवा, मोबाइल आडवा धरा, मध्ये कट करू नका. कोन कुठे उघडा पडतोय आणि वाक्य कुठे लांबतंय ते मी बघून कळवतो.